दोन देशांचा मिथेन आणि गफूरचाचा

गफूरचाचांची दाढी छातीपर्यंत रुळायची आणि शर्टाच्या खिशात मात्र दाढीचा ब्रश असायचा. वाशीमला त्यांच्या गॅरेजात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास बुचकळ्यात पडायचा. सीएनजीचा ऑटो समोर उभा राहिला की चाचा डब्यात साबणाचा फेस करायचे आणि ब्रशाने नळीच्या एकेका जोडावर लावत जायचे. फुगे आले तिथे गॅस गळतोय. "नाक झूट बोलते, फेस नाही बोलत," असं म्हणायचे. माझे बाबा ऑटो चालवतात, त्यामुळे शाळेत असल्यापासून मी हा फेस बघत आले.

हट्टी तर इतके, की विचारू नका. पोहरादेवीच्या जत्रेच्या दिवसांत एकाने सवाऱ्या भरलेला ऑटो आणला. चाचांनी फुगा बघितला आणि सरळ चावी काढून घेतली. "चाचा, जत्रेचा टाइम हाय, सोडा ना!" तो गयावया करू लागला. "जत्रा पुढच्या वर्षी येते. तू येशीन का, ते सांग," चाचा म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं. त्याने पाठीमागे यथेच्छ शिव्या दिल्या. पुढच्या वर्षी मात्र तोच जत्रेच्या आठ दिवस आधी येऊन बसला होता.

मी एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेतलं. प्रबंधाचा विषय निवडला तो केनिया आणि टांझानिया या दोन देशांच्या वाहतुकीतून हवेत जाणारा मिथेन. आमच्या घरातलं कुणी नागपूरच्या पलीकडे गेलेलं नाही, पण मला एकदम आफ्रिकाच हवी होती! खरं कारण एवढंच, की आकडे इंटरनेटवर तयार मिळत होते.

"काहून वं, वाशीमचे ऑटो संपले का?" चाचांनी विचारलं.

मी ऐटीत समजावलं, की सीएनजीच्या टाकीत असतो तो बहुतेक मिथेनच, तो हवेत गेला की उष्णता धरून ठेवतो, आणि टांझानियातही आपल्यासारखे सीएनजीचे तीनचाकी आहेत. चाचा खूश झाले. "म्हंजे आपलाच माल!"

प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. मार्गदर्शक सर म्हणाले होते, हा नीट झाला तर संशोधनाचं काम मिळेल. नाही तर घरी स्थळं बघायला सुरुवात झालीच होती. मी लॅपटॉप घेऊन गॅरेजात गेले आणि आलेखातले दोन देशांच्या मिथेनचे दोन खांब दाखवले. ज्याचा खांब बुटका, त्याची वाहतूक स्वच्छ, हा माझा निष्कर्ष.

चाचा मूळचे धनज या लहानशा गावचे. त्यांनी हात पुसत विचारलं, "आमच्या धनजात ऑटो किती असतीन?"

"दहाबारा."

"अन् वाशीमात?"

"शेकड्यांनी."

"मंग धनजाचा गॅस कमीच गळन. धनजाचा मिस्त्री माह्याहून हुशार झाला का? तिथं तं मिस्त्रीच नाही वं!"

इतकी साधी गोष्ट मला दोन वर्षांत सुचली नव्हती. घरी येऊन आकड्यांना वाहनांच्या संख्येने भागायला बसले, तर त्या संख्येवरच भरवसा बसेना. तिथल्याच अहवालांत लिहिलं होतं, की भंगारात गेलेल्या गाड्या नोंदणीच्या यादीत आहेत, रस्त्यावर पळणाऱ्या कित्येक नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजातल्या टायरवर बसून मी मनसोक्त रडले. चाचांनी समजूत वगैरे काही घातली नाही. "फेस लावला, फुगा दिसला. आता फुगा पुसशीन का जोड कसशीन?"

मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला होता, हे कबूल करते. पण निष्कर्ष बदलला. कोणाचा खांब बुटका ते दिसतं. कोणाची वाहतूक स्वच्छ ते रस्त्यावर उतरून गाड्या मोजल्याशिवाय सांगता येत नाही, असं लिहिलं. सर वैतागले, "दोन वर्षांत 'सांगता येत नाही' एवढंच?"

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी ते पान दोनदा वाचलं. "ही शंका कुणाची?"

"आमच्याकडचे एक मिस्त्री आहेत," मी म्हणाले. सरांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र हसल्या नाहीत. टांझानियातल्या दार-ए-सलामला त्या असंच मोजणीचं काम सुरू करत होत्या. "जाल?" त्यांनी विचारलं.

निघताना चाचा स्टेशनवर आले. बाबा नुसते बॅग सरकवत राहिले. चाचा म्हणाले, "तिथं पहिले हापिसात नोको जाऊ. गॅरेजात जाजो. कोनती गाडी अजून चालून राह्यली, ते मिस्त्रीलेच मालूम असते."

इथे आल्यावर मी तेच केलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने माझी तोडकीमोडकी स्वाहिली ऐकून घेतली, डबा पालथा करून मला बसायला दिला आणि यादीत नसलेल्या गाड्या एकेक करून दाखवल्या. संध्याकाळी मी चाचांना फोन लावला. किती गाड्या, किती गॅस, काही विचारलं नाही त्यांनी.

"त्यानं चहा पाजला का तुले?"

"पाजला."

"मंग खरं सांगन तो. उद्या बी जाय."