हातमोजे, लेव्हल तीन

कुठलीही वस्तू समोर आली की वाल्मिक भिरूड पहिला प्रश्न एकच विचारायचा, "ही जाते कुठे?" सिल्व्हासाजवळ अथालच्या रस्त्यावरच्या ज्या कारखान्यात त्याने एकोणीस वर्षं काढली, तिथे या प्रश्नावरच त्याचं पोट होतं. कारखाना पंपांसाठी ॲल्युमिनियमचे भाग ओतायचा. बाहेरचा माल कोणाकडून घ्यायचा आणि घेण्याआधी त्या पुरवठादाराला किती तपासून घ्यायचं, हे ज्या टेबलावर ठरायचं त्या टेबलावर तो बसायचा.

तपासणीच्या तीन लेव्हल होत्या. पहिल्या लेव्हलला पुरवठादाराच्या जागेवर जाऊन सगळं डोळ्यांनी बघायचं आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. दुसरीला नुसता नमुना बघायचा. तिसरीला एक पानी फॉर्म पुरे. आपला माल चांगला आहे असं पुरवठादाराने स्वतःच लिहून द्यायचं आणि खाली सही करायची.

चार वर्षांपूर्वी ऑडिट तोंडावर आलं तेव्हा सहाशे बारा वस्तूंना लेव्हल द्यायची होती आणि दिवस होते नऊ. वाल्मिकने नियम सोपा केला. ग्राहकाच्या पंपात जाणारी वस्तू एकमध्ये, मशीनला लागणारी दोनमध्ये, उरलेलं सगळं तीनमध्ये. उरलेल्यात झाडू होते, फायली होत्या, चहाचे कागदी कप होते, आणि ओतकामावरच्या माणसांचे जाड हातमोजेही होते. कारणाच्या रकान्यात त्याने एकदाच टाइप केलं, 'उत्पादनात जात नाही', आणि माउसने कोपरा धरून ते खाली ओढत नेलं. तीनशे एक्क्याऐंशी ओळी काही सेकंदांत भरल्या. एकही रकाना रिकामा नाही म्हणून ऑडिटरने त्याची पाठ थोपटली.

तिसऱ्या लेव्हलचा एक फायदा वाल्मिकला नंतर कळला. लहान माणूस तिथून आत येऊ शकत होता. डोकमर्डी वस्तीत त्याच्या खोलीपासून तीन दारं सोडून केसरबाई राहायची. यावल तालुक्यातली, त्याच्याच शेजारच्या गावची, साठीला टेकलेली. तो तिला आक्का म्हणायचा. ती एका ठेकेदाराकडे हातमोजे शिवायची. ठेकेदार गाशा गुंडाळून गेला आणि हिशेब मिटवायच्या ऐवजी दोन शिलाई मशीन आणि उरलेलं कापड-दोरा तिच्या दारात टाकून गेला. वाल्मिक म्हणाला, "आक्का, मोजे तुम्हीच द्या ना कंपनीला. एक फॉर्म तर भरायचा." फॉर्म इंग्रजीत होता. तो त्यानेच भरला, तिच्या ओट्यावर बसून, चहा पितापिता. सातवा प्रश्न होता, शिलाईचा दोरा उष्णतारोधक आहे का? समोर ठेकेदाराचं पिवळसर रीळ पडलं होतं, कंपनीचं लेबल लावलेलं. वाल्मिकने 'हो'वर खूण केली. केसरबाईने खाली एकेक अक्षर कोरत सही केली. त्या दिवशी ते उत्तर खरंही होतं.

दोन वर्षं मोजे येत राहिले. टाके बारीक, घट्ट. ओतकामावरची माणसं म्हणायची, हे मोजे चांगल्या हाताने शिवलेले आहेत.

या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, पप्पू वळवी साच्यातून गरम भाग उचलत होता. धडगावकडचा, सात वर्षं याच कामावर. भाग हातात असतानाच उजव्या मोज्याची अंगठ्यापाशी शिवण उघडली. नुसती उघडली असती तर त्याने भाग टाकून हात काढून घेतला असता. दोरा वितळला होता आणि वितळलेला दोरा कातडीला चिकटला होता. मोजा ओढून काढला तेव्हा त्याच्याबरोबर तळव्याची साल आली.

वाल्मिक बुधवारी सकाळी दवाखान्यात गेला. हात कोपरापर्यंत बांधलेला. उशाशी बायको ममता पाण्याची बाटली घेऊन बसली होती. वाल्मिकला बघून पप्पूने मान वळवली आणि विचारलं, "साहेब, तो मोजा पास होता ना?"

"होता."

"मग नापास कोण झालं?"

ममता म्हणाली, "जास्त बोलू नको." वाल्मिक तिथे आणखी दहा मिनिटं बसला. 

कारखान्यात क्वालिटीचे साहेब परुळेकर वाट बघत होते. मूळचे मालवणकडचे, कागदाला फार पक्के. टेबलावर केसरबाईचा फॉर्म आधीच काढून ठेवलेला.

"हा बघा सात नंबर. दोरा उष्णतारोधक आहे का? हो. सही कोणाची? बाईची. विषय संपला."

"सर, खूण मी केलेली आहे."

"भिरूड, खूण कोणाची ते कागदावर लिहिलेलं नसतं. सही असते." परुळेकरांनी चष्मा काढला. "उद्या रिपोर्ट जायला हवा. ग्राहकाला आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरला पण. कारणाच्या जागी एक ओळ लिहा, पुरवठादाराने खोटी माहिती दिली. बाई यादीतून बाद. पोलिसांत द्यायचं की नाही, ते वरचे बघतील."

"आणि तसं नसेल तर?"

"तसं नसेल तर विचारतील, या मोज्याला लेव्हल तीन कोणी दिली? तुमची दोन वर्षं राहिलीत ना मुलीच्या कॉलेजची?" ते आवाज न चढवता बोलले. धमकी नव्हती ती. माहिती होती.

त्या दिवशी पाचला सुटल्यावर वाल्मिक सरळ केसरबाईकडे गेला. ओट्यावर सून प्रमिला मोजे उलटे करून दोऱ्याची टोकं कापत होती. आत मशीन चालू होतं.

"या भाऊ. दोन दिस झाले, दिसले नाही," केसरबाई म्हणाली. अपघात तिला कळलेला नव्हता.

वाल्मिकने आत जाऊन सांगितलं. थोडक्यात, पप्पूचं नाव घेऊन. मशीन थांबलं.

"आक्का, दोरा कोणता वापरता?"

ती मशीनवरून उठली आणि मोठं पांढरं रीळ घेऊन आली. सिल्व्हासात असलं रीळ कोणाच्याही घरात सापडतं. इथे दर चार गेटांमागे एक गेट पॉलिएस्टरचा दोरा काढणाऱ्याचं. "ठेकेदाराचा दोरा गेल्या आषाढात सरला. मंग हा आनला. त्याच्याहून पक्का. ओढून पाहा, बोट कापंल, पन दोरा नाही तुटनार."

"जळतो का बघितलं?"

"दोऱ्याला कोन जाळून पाहातं, भाऊ?"

वाल्मिकने चुलीजवळची काडेपेटी घेतली. वीतभर दोरा कापून त्याने काडी जवळ धरली. ज्योत लागायच्या आधीच दोरा आकसला, वर चढला आणि टोकाला काळा मणी होऊन थांबला. केसरबाईने तो बोटाने दाबायला हात पुढे केला. वाल्मिकने तिचा हात धरला.

"गरम आहे. चिकटतो."

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "मले इचारलं असतं ना भाऊ, तं मी सांगितलं असतं. दोरा बदलला म्हनून. मी काय लपवत होती? पन इचारायले आलंच नाही कोनी. दोन सालात एक मानूस नाही आला."

"यायचं नसतं. तुमची लेव्हल तीन होती."

"म्हंजे?"

वाल्मिकने काडेपेटी परत चुलीजवळ ठेवली. ओट्यावरून प्रमिला म्हणाली, "आणि फॉर्म तर भाऊंनीच भरला होता. आम्ही म्हटलं, भाऊ लिहिताहेत म्हणजे बरोबरच." तिच्या हातातली कात्री चालूच होती. सवयीने टोकं कापत होती ती, जे मोजे आता कुठेच जाणार नव्हते त्यांची.

गुरुवारी सकाळी वाल्मिकने दोन रिपोर्ट लिहिले. पहिल्यात परुळेकरांची एक ओळ होती. व्याकरण, तारीख, सही, सगळं ठीक होतं. त्यात खोटं काय आहे हे कोणालाही दाखवता आलं नसतं. तो त्याने अर्धा तास स्क्रीनवर ठेवला. मग पुसला.

दुसऱ्यात लिहिलं: मोज्याला लेव्हल तीन देण्यात आली, कारण तो उत्पादनात जात नाही. तो माणसाच्या हातात जातो. म्हणून लेव्हल एक हवी होती. लेव्हल तीनमुळे दोरा बदलला का, हे पुरवठादाराला कोणीही विचारलं नाही. लेव्हल मी दिली. फॉर्म मी भरला. पुरवठादाराला इंग्रजी वाचता येत नाही.

परुळेकरांनी तो दोनदा वाचला. "नक्की?"

"हो सर."

"बाईचं काम तरी वाचेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

ते वाचलं नाहीच. हातमोजा लेव्हल एकवर गेला, आणि एकवर गेल्यावर पुरवठादाराच्या जागेची पाहणी आली. नवा पोरगेला अधिकारी हर्षल पुढच्या आठवड्यात चाळीस प्रश्नांचा कागद घेऊन डोकमर्डीला गेला. उत्पादनाची जागा राहत्या घरापासून स्वतंत्र आहे का? नाही. तापमान-चाचणीची सोय आहे का? नाही. तिसऱ्या प्रश्नाला केसरबाईच म्हणाली, "राहू द्या साहेब, उगा कागद खराब होतो." पोलीस मात्र आले नाहीत. तिच्या नावापुढे 'खोटी माहिती' असं कुठे लिहिलं गेलं नाही. प्रमिला आता जवळच मसाटला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. केसरबाई वाल्मिकशी बोलते, पण भाऊ म्हणत नाही. नावही घेत नाही.

पप्पूचा अंगठा वळत नाही. त्याला स्टोअरच्या खिडकीवर बसवलं आहे. तिथे तो डाव्या हाताने पावत्या लिहितो.

वाल्मिकला गेटजवळ, ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर पाठवायचं ठरलं. टेबल सोपवायला त्याला एक सकाळ मिळाली. हर्षल दहाला येणार होता. वाल्मिक आठला आला आणि त्याने ती यादी उघडली. हातमोज्याच्या खालची ओळ उष्णतेचा एप्रन होती. त्याने तीन खोडून एक केला आणि कारण टाइप केलं, 'अंगावर घालतात'. त्याखाली तोंडावरची काच. 'डोळ्यांसमोर असते.' मग जड साचे उचलायचे पट्टे. 'खाली माणसं उभी असतात.' या वेळी माउसने ओढता येत नव्हतं. प्रत्येक कारण वेगळं होतं, प्रत्येकासाठी ती वस्तू कुठे जाते याचा विचार करावा लागत होता, आणि काही वस्तू खरोखरच कुठे जातात ते त्याला माहीत नव्हतं. उठून विचारून यावं लागलं. दहा वाजता हर्षल येऊन खुर्चीमागे उभा राहिला तेव्हा अकरा ओळी झाल्या होत्या.

महिनाअखेरीला त्यातल्या आठ परत तीनवर आल्या. लेव्हल एक म्हणजे पुरवठादाराच्या जागेवर कोणीतरी जायला हवं, हर्षल एकटाच टेबल सांभाळत होता, आणि जाऊ शकणारा दुसरा माणूस वजनकाट्यावर होता.