बद्द आवाज

टपरीवरच्या मावशींनी धुतलेला ग्लास नखाने वाजवला. आवाज बद्द आला, तसा तो बाजूला टाकला. मी घाई केली तर म्हणाल्या, "थांबा की. तडकलेला देऊ का?"

कारखान्यात आमचे तपासनीस सावंत ब्रेकचे ओतीव भाग असेच हातोडीने वाजवून बघायचे. एकदा म्हणाले, "साहेब, हे सगळे बद्द वाजतायत. आत तडा असणार." माल पाठवा म्हणून वरून सकाळपासून तीन फोन आले होते. "डोळ्यांना दिसतोय का तडा?" मी, गुणवत्ता विभागाचा प्रमुख, विचारलं.

"नाही. पण मग सही तुमची लागेल."

मी केली. खरं सांगायचं तर तो आवाज मलाही ऐकू आला होता.

ते भाग कुठल्या गाड्यांना लागले, ठाऊक नाही. आत्ता रस्त्यावर कुणीतरी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, तेव्हा कुठे मी चहाचा पुढचा घोट घेतला.