मोगरीचं चित्र

ब्राह्मणपुरीच्या तापीबाईला कुणी विचारलं, म्हैस दूध किती देते, तर ती निम्मंच सांगायची. एरवी खोटं बोलणारी बाई नव्हे. पण दुधाच्या बाबतीत तिला पाप लागत नसे. दुधाच्या भांड्यावर पदर टाकूनच ती गोठ्यातून घरात यायची. लग्नात बापाने दिलेल्या पारडीची ही पाचवी पिढी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव मोगरी. केळी, ऊस, ट्रॅक्टर सगळं नवऱ्याचं नि मुलाचं. मोगरी मात्र तिची एकटीची.

सून हेमांगी शहाद्याला शाळेत चित्रकला शिकवते. एका दुपारी तिने सासूला मोबाइलवर हॉलंडमधली जुनी चित्रं दाखवली. नदीकाठी रवंथ करणाऱ्या धष्टपुष्ट गाई. तिकडचे पैसेवाले अशी चित्रं दिवाणखान्यात लावायचे म्हणे. गाई हीच त्यांची श्रीमंती.

तापीबाईने एकेकीची कास निरखून पाहिली. "लोके असं बठ्ठासले दखाडतस? नजर नई लागत?" असली दौलत लोक सगळ्यांना दाखवतात, याचंच तिला नवल.

हेमांगी हसली, आणि महिनाभर खपून तिने तापी नदीच्या काठावर उभी मोगरी रंगवली. अशी की पाठीवरून हात फिरवावा. चित्र नंदुरबारच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं, तिचं पहिलंच. घरात पेढे आले, पण तापीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मोगरी गाभण आहे हे तिने शेजारणीलाही कळू दिलं नव्हतं. सुनेने तर पोट हुबेहूब काढलं होतं.

चित्र न्यायच्या सकाळी हेमांगी अंघोळीला गेली, तेवढ्यात तापीबाईने काजळाची डबी उघडली. काळ्या म्हशीला काळा टिक्का दिसणार कुठे? तिने नेमकं चित्रातल्या मोगरीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"आई, हाई काय कयं तुम्ही?" हेमांगी दारातच थबकली. तिला रडूच आलं.

तापीबाई चोरासारखी उभी राहिली. "दोन डाव पारडू गयं, बेटा. आते मन्हा जीव धीर नई धरत."

दुसऱ्या वेळी मोगरीचं पारडू मेलं तेव्हा सासूने दोन दिवस अन्न शिवलं नव्हतं, ते हेमांगीने पाहिलं होतं. डाग टिपायला तिने घेतलेलं फडकं हातातच राहिलं. मग तिने ते बाजूला ठेवलं आणि सासूच्या मुठीतली डबी सोडवून घेतली.

"आई, इतला बारीक टिक्का कसा पुरी? तठे पाचशे लोक येतीन," ती म्हणाली, आणि आपलं बोट काजळात बुडवलं.