नाव-गाव न ऐकता दिलेला निकाल

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, म्हणजे हसताना कोणाच्या अंगावर सांडायला नको. फक्त एक अट आहे. मध्येच कोणी "पण वकीलसाहेब, तुम्हाला कळलं कसं नाही हो?" असं विचारायचं नाही. तो प्रश्न आमच्या घरात रोज भाजीला फोडणी पडताना विचारला जातो, तेवढा मला पुरे आहे.

मी धुळ्याच्या कोर्टात दिवाणी वकील. शिवाय आमच्या समाजाच्या मंगल कार्यालयाचा जो ट्रस्ट आहे, त्याचा विश्वस्त. विश्वस्त बाकीचेही आहेत, पण कायदा समजणारा मी एकटाच, असं माझं मत होतं. त्यांचंही तेच मत होतं. होतं!

तर आमच्या ह्या हॉलवर लग्नसराईत उड्या पडतात. काही लोक पोरगी बघायच्या आधी तारीख धरून ठेवतात. खोटं नाही सांगत, आधी हॉल, मग नवरी! मग कधी सोयरीक फिसकटते, कधी मुलीकडचे आपल्याच गावाचा हट्ट धरतात. अशा वेळी माणूस ती तारीख ट्रस्टला परत करतो का? छे! तो ती आपल्या माणसाला देतो. "आमची तारीख आता तुम्ही घ्या" म्हणायचं, हातात नारळ ठेवायचा, की झालं. आणि मग एखादा पठ्ठ्या एकच तारीख दोघांच्या हातात ठेवतो आणि दोन्ही वऱ्हाडं गेटवर एकमेकांकडे बघत उभी राहतात.

म्हणून मागच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सगळ्यांना कायदा समजावला. म्हटलं, "मंडळी, हॉल ट्रस्टचा. तारीख धरणाऱ्याकडे असतो फक्त त्या दिवसाचा हक्क. तो त्याने दुसऱ्याला खुशाल द्यावा. पण आम्हा विश्वस्तांना ते कळणार कसं? स्वप्नात? म्हणून ज्याला तारीख मिळाली, त्याने ऑफिसात येऊन सांगायचं. एकाने दोघांना दिली, तर आधी कोणाला दिली हे बघायचंच नाही. आधी कोणी कळवलं ते बघायचं! दुसऱ्याला पहिल्याची कुणकुण मात्र नसली पाहिजे. विलायतेतली कोर्टं जुन्या काळापासून असंच धरत आली आहेत."

विलायत म्हटल्यावर माना डोलल्या. मग मला अजून चेव आला. "आणि विश्वस्ताला चहाच्या टपरीवर गाठून कानात सांगितलं, तर ते कळवणं नव्हे. मग तो विश्वस्त कोणीही असो!"

ते "कोणीही असो" मी दोनदा म्हणालो. काय गरज होती? पण माइक हातात असला की माझं असंच होतं.

त्यानंतर थंडीत सोनगीरला लोटननानांच्या मळ्यात भरताचं जेवण होतं. लोटननाना माझे जुने स्नेही. तुराट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा. त्याच सुमारास आमच्या नेहाचं लग्न ठरलं होतं, जळगावला, डाळ मिलवाल्यांच्या घरात. जावयाची सुट्टी वैशाखातली, नंतर तो परदेशी कामावर जाणार. मुहूर्त जेमतेम एक आणि धुळ्यातले सगळे हॉल भरलेले. आमच्या घरात कोणाला झोप नव्हती.

नाना म्हणाले, "वकीलसाहेब, मना पोऱ्यानं लगन आते पाचोराले व्हई राह्यनं. पोरवालासनी तठेच हट धरा. मनी वैशाखनी तारीख मोकयी शे. तुम्हीन ल्या."

नेमकी तीच तारीख! मी उठून नानांना मिठीच मारली. त्यांनी मळ्यातल्या देवळापुढचा नारळ उचलून माझ्या हातात दिला. वर म्हणाले, "ऑफिसमा जाईसन सांगी देजा बरं."

आणि मी काय बोललो? मी हसलो! म्हणालो, "नाना, ऑफिसात कोणाला सांगायचं? ट्रस्ट म्हणजे मीच की!"

आता पुढचं नीट ऐका. एके दुपारी मी बार रूममध्ये बसलो होतो. भोवती ज्युनियर वकिलांची पोरं. तेवढ्यात कार्यालयाचे मॅनेजर सुपडूआप्पा यांचा फोन आला. पोरांनाही चार गोष्टी शिकायला मिळाव्यात म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"भाऊ, एक लफडं व्हयनं," आप्पा म्हणाले. "एकच तारीख दोन जणसले गयी. त्या सोनगीरना..."

"थांबा आप्पा! नाव नको, गाव नको."

"पन भाऊ, नाव तं आयकी ल्या..."

"न्याय करणाऱ्याने नाव ऐकायचं नसतं. तारीखही सांगू नका. पहिला आणि दुसरा, एवढंच म्हणा."

पोरं माना हलवून बघायला लागली. मी खुर्चीत जरा मागे रेललो.

"बरं," आप्पा म्हणाले. "पहिलाले घरना मालकनी दिधी, दुसराले मालकीननी. एकमेकसले इचारं नही."

"असं होतंच. ऑफिसात कोण आलं?"

"दुसरा उना. आज सकायले. पहिला काही उना नही."

"दुसऱ्याला पहिल्याचं ठाऊक होतं?"

"नही. त्याले काहीच माहीत नव्हतं."

"मग संपलं की! तारीख दुसऱ्याची."

आप्पा घुटमळले. "भाऊ, पहिला आपलाच मानूस शे. त्यानी पोरनं लगन शे."

"लगन सगळ्यांच्याच पोरींचं असतं, आप्पा. आपला माणूस असेल तर अजून कडक राहायचं!"

"तो ट्रस्टमाच उठस-बसस, भाऊ."

"मग तर त्याला अक्कल हवी होती!" मी म्हणालो आणि ज्युनियर पोरं खदाखदा हसली. मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो असेन.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ऐकणारे समोर असताना मी थांबतो का? म्हटलं, "आप्पा, अजून दोन गोष्टी. एक, एकदा फिरलेली तारीख पुन्हा फिरणार नाही, नाहीतर तारखांचा बाजार भरेल. आजच फळ्यावर लिहा, माझं नाव घालून. दोन, त्या पहिल्या माणसाच्या घरी आज संध्याकाळी स्वतः जा. साक्षीदार घेऊन जा. त्याच्या बायकोसमोर खणखणीत आवाजात सांगा, म्हणजे मला कळलंच नाही असं म्हणायला तोंड राहणार नाही."

आप्पांनी खात्री करून घेतली.

"घर जाईसन सांगू?"

"घरी जाऊन."

"बायकोसमोर?"

"बायकोसमोर!"

"तुम्हीन सांगतस म्हनीसन जास हां, भाऊ," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी आमच्याकडे जळगावहून व्याही आणि विहीणबाई आले होते. लग्नाच्या जेवणात काय ठेवायचं ते ठरत होतं. बायकोने शेवभाजी केली होती, नेहा गरम भाकरी वाढत होती. मी व्याह्यांना दुपारचाच किस्सा रंगवून सांगत होतो. व्याही मगनभाऊ शांत माणूस. ते म्हणाले, "असा निःपक्षपाती सोयरा मिळाला, नशीबच म्हणायचं आमचं."

तेवढ्यात दारात सुपडूआप्पा आले. मागे कार्यालयाचा वॉचमन.

"या या आप्पा! आत्ता तुमचाच विषय चालला होता. काय, सांगितलं का त्या गृहस्थाला?"

"सांगाले तं उनू शे," आप्पा म्हणाले.

"कोणाला?"

"तुमले."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी आधी माझ्या बायकोकडे पाहिलं, ती समोर आहे ना याची खात्री केली, घसा खाकरला आणि मी सांगितलं होतं तस्सं खणखणीत आवाजात म्हणाले, "वहिनी, ऐका. वैशाखनी तुमनी तारीख गयी. लोटननानांनी तुमले दिधी, पन नानासनी घरवाली अक्कांनी तीच तारीख त्यासना भाऊले, शिंदखेडाना मुरलीआबाले दी टाकी. आबा ऑफिसमा पहिले उनात. मी नानाले फोन करा, तव्हय माले तुमनं समजनं. निकाल भाऊसनीच देल शे."

भाकरी नेहाच्या हातातच राहिली.

मी वकील आहे हो! लगेच युक्तिवाद सुरू केला. "पण मी विश्वस्त आहे. नानांनी मला सांगितलं, म्हणजे ट्रस्टला कळलंच की!"

"इश्वस्तना कानमा सांगेल चालत नही," आप्पा म्हणाले. "मंग तो कोनी बी राहो. तुम्हीनच दोनदाव सांगेल शे."

"बरं, मुरलीआबांना माझं माहीत असणार."

"नही. तेच तं तुम्हीन इचारं, आनि तेच तं मी सांगं."

मगनभाऊंनी हात धुतले. रुमालाला पुसले. "वकीलसाहेब," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "निकाल मात्र चांगला दिलात हो."

त्यावर विहीणबाई पदरात तोंड घालून हसल्या, की रडल्या, मला कळलं नाही. बायकोने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. माझी अर्धी भाकरी शिल्लक होती. आणि नेहा आत निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाबा, नाव तरी ऐकायचं ना." तिथे माझं सगळं वकीलपण गळून पडलं. मला खरोखर लाज वाटली. पोरीचं लग्न मी ज्युनियर पोरांपुढे भाव खाण्यात घालवलं होतं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी नाना आणि अक्कांना गाडीत घालून शिंदखेडा गाठलं. गाडीत दोघांचं जुंपलेलंच.

"तुम्हीन माले इचारं का?" अक्का.

"तूनी माले इचारं का?" नाना.

"मना सख्खा भाऊ शे तो!"

"मना बी सख्ख्यासारखा शे हाऊ!" असं म्हणून नानांनी माझ्या पाठीत थाप मारली. माझी मान आणखी खाली गेली.

मुरलीआबा म्हणजे पांढरी टोपी, धिप्पाड देह आणि आवाज दोन गल्ल्या पलीकडे जाणारा. त्यांच्याही मुलीचंच लग्न. मी हात जोडले, सगळं सांगितलं. आबा ऐकत ऐकत इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "आरे मंग इतला तोंड काबर उतारी बठनात? मना पोरले पुढला मुहूर्त चालस. ल्या, ती तारीख तुमनी!"

मी आबांचे पायच धरणार होतो. सुपडूआप्पांना तिथूनच फोन लावला. "आप्पा, मिटलं! आबा तारीख मला परत देतायत."

"नही जमाव, भाऊ."

"का नाही?"

"एक डाव फिरेल तारीख दुसरांदाव फिरत नही. बठ्ठं फळावर लिखेल शे. खाले तुमनं नाव शे."

"पुसून टाका ना!"

"मी कसा पुसू? निकाल देल मानूस तुम्हीन, आनि हारेल मानूस बी तुम्हीनच. उद्या लोक म्हनतीन, वकीलसाहेबनी सोतानासाठे कायदा फिरावा."

फोन स्पीकरवरच होता, सवयीने. अक्कांनी तोंडावर हात ठेवला. नाना आढ्याकडे बघत बसले. मी तिथे ओट्यावर मटकन बसलो आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. आप्पांचं एक अक्षर चुकीचं नव्हतं.

आबा मात्र विचारात पडले. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "तारीख मनी शे ना?"

"हो, तुमचीच."

"मंग मना मांडोमा मी कोनले बी बलावू! मना पोरनं लगन सकायले, तुमना पोरनं गोरजले. तारीख फिरनारच नही, मनीच राहीन. तुम्हीन फक्त मना पाहुणा!"

इतकी वर्षं कोर्टात घासून मला जे सुचलं नाही, ते आबांनी ओट्यावर बसल्या बसल्या सोडवलं. मगनभाऊंना फोन केला, तर ते म्हणाले, "आम्हाला लग्नाशी मतलब, मांडव कोणाचा का असेना."

लग्नाच्या दिवशी दुपारी मी फेटा बांधून, आमच्या लोकांना मागे घेऊन कार्यालयाच्या गेटवर पोचलो. गेटवर फुलांची कमान, कमानीवर मुरलीआबांच्या घराण्याचं नाव. खाली खुर्ची टाकून सुपडूआप्पा.

"थांबा, भाऊ. आज हॉल मुरलीआबाना शे. त्यासले इचारी येस."

मी, ट्रस्टचा विश्वस्त, नवरीचा बाप, गेटवर उभा! मागे बँडवाले थांबले. बायको म्हणाली, "उभे राहा. चांगलं झालं." आप्पा आत जाऊन आले.

"या म्हने. मनापासून या. पन एक अट शे त्यासनी."

"कुठली? सांगा. काहीही मान्य!"

"वकीलसाहेबले म्हने माइक देऊ नका."

लग्न झकास लागलं. आबांच्या सकाळच्या पाहुण्यांनी आमच्या संध्याकाळच्या पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. नेहा जाताना माझ्या गळ्यात पडली, हसत हसत रडली, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. मगनभाऊंनी फारच आग्रह केला म्हणून आबांनी शेवटी स्वतःच्या हाताने माइक आणून माझ्या तोंडासमोर धरला. हातात दिला नाही, धरला. मी फक्त "सगळ्यांनी जेवून जा" एवढंच बोललो आणि गप्प बसलो.

बायको म्हणते, एवढ्या वर्षांत तुमचं हे एकच बोलणं असं झालं, ज्यावर कोणाची हरकत आली नाही.