समोर बसून बघणारा

घाटकोपरच्या आमच्या हॉस्पिटलात सर्जरीच्या पहिल्या वर्षाला नवे सर आले आणि त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. बकऱ्याच्या पायावर एकाने टाके घालायचे, समोरच्याने बसून बघायचं आणि चुका सांगायच्या. प्रत्येक जोडीत ज्याचा हात चांगला बसेल, त्याला खऱ्या पेशंटची जखम शिवायला मिळणार होती. मला ती हवीच होती.

माझ्या जोडीला आला तो माझा मित्रच, एका डब्यात जेवणारा. त्याची सुई तिरकी जायची, कातडी चुरगळायची. मी तोंडावर सांगायचे, "अरे, गोणपाट शिवतोयस का?" तो चिडायचा, पण टाका उसवून पुन्हा घालायचा. माझी पाळी आली की म्हणायचा, "झकास गं! तुला काय सांगायचं?" मी खूश. सगळ्या वर्गात हेच चालायचं, तू मला छान म्हण, मी तुला छान म्हणतो. खरं बोलणारी मी एकटी, म्हणून फटकळ ठरले.

शेवटी कोणाला द्यायचं ते ठरवायला सरांनी आम्हा दोघांना ऑपरेशन थिएटरात घेतलं. एका काकांच्या पाठीवरचं आवाळू काढून झालं होतं. जागा बधिर केलेली, काका जागे. पहिला टाका मी घातला. सरांनी दोरा जरा ओढला आणि माझी गाठ सरकून सुटली. दुसरीही तशीच. गाठीचे दोन वेढे एकमेकांच्या उलट पडायला हवेत, माझे दोन्ही एकाच बाजूने पडत होते.

"काय झालं मॅडम?" काकांनी मान वळवून विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी सुई माझ्या मित्राच्या हातात दिली. त्याचे टाके सरळ, एकसारखे पडले. त्यातली प्रत्येक दुरुस्ती माझी होती.

कँटीनमध्ये मी त्याला धरलाच. "तुला दिसत नव्हतं का रे?"

"दिसत होतं ना. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"जोडीतल्या एकालाच मिळणार होतं ना यार."

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, इथे तर मारणाराही वैद्यच. इतक्या दिवसांत त्याने मला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. वर माझ्यापुढे चहा सरकवत म्हणाला, "तू मात्र मस्त शिकवतेस हां."