मंडईच्या दिवशीचा सिगार

जवाईबापूंनी पिशवीतून धातूची नळी काढली तेव्हा मला वाटलं, पोरीसाठी काही औषध असेल. पोरगी सात महिन्यांची गरोदर, बाळंतपणाला दुबईहून तिला घेऊन आलेले. त्यांनी झाकण फिरवलं आणि आतून जाडजूड, तपकिरी कांडी बाहेर सरकली.

"मामा, हा तुमच्यासाठी. सिगार हाय. आमच्या हॉटेलात बडे लोग पितात. घरात लेकरू येणार असलं का तिकडे आनंदानं असा एक देतात. आजोबा होऊन राहिले ना तुमी!"

मी चटकन यांच्याकडे बघितलं.

का ते सांगते. उन्हाळी धानाच्या कापणीत आमचे हे बांधावर बसले ते उठेचनात. अंगाला दरदरून घाम. गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला, आणि छातीत छल्ला, डॉक्टर स्टेंट म्हणतात तो, टाकून घरी आणलं. डॉक्टर तोंडावर बोलला, "काका, आता एक बिडी जरी ओढली तर माझ्याकडे यायची गरजच पडणार नाही." मिसरूड फुटल्यापासूनची बिडी त्या दिवशी सुटली.

पोरीला मात्र आम्ही काहीच कळू दिलं नाही. तिचं पहिलं लेकरू पाचव्या महिन्यात गेलं होतं. आता हे दुसरं, आणि जिवाला धक्का लागू देऊ नका असं तिच्या डॉक्टरणीनं बजावलेलं. मीच ठरवलं, बाळंतपण होईस्तोवर चकार शब्द काढायचा नाही. फोन आला की हे दोन शब्द बोलत आणि फोन माझ्या हातात देत. ती आली त्या दिवशी गोळ्यांचे पत्ते मी तांदळाच्या कोठीमागे लपवले. रोज तिची पाठ वळली की चोरासारखी गोळी काढून द्यायची. कोणाचा जीव जपू, बापाचा की लेकीचा, हेच मला कळेनासं झालं होतं.

आणि त्यात हा सिगार! जवाई उडाणटप्पू नाही हो, चांगला माणूस आहे. त्याला काय ठाऊक?

मी यांना खूण करून सैपाकघरात बोलावलं.

"नाही म्हना," मी दात-ओठ खात म्हटलं.

"काऊन नाही म्हनू? पोरगी इचारन, बाबा नाही काऊन म्हनते, बिडी कायले सोडली. काय सांगू तिले?"

"बहाना भेटला तुमाले! जित्याची खोड..." म्हण अर्ध्यावर आली आणि माझीच जीभ मी चावली. पुढचे शब्द त्यांनाही ठाऊक होते.

 ते हळूच म्हणाले, "दोन झुरके. इतलंच. पाहुन्याचं मन राहीन."

पण डोळे? डोळे लहान लेकरासारखे चमकत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते. त्या दिवशी आमच्या गावाची होती. पाहुणे जेवून आकाशपाळणे आणि दंडारीचा खेळ बघायला गेलेले, घरात आम्ही चौघंच. जवाईनं अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, मधे राखेसाठी पितळी ताट ठेवलं. पोरीला म्हणाला, "तू अंदर बस, धूर नको तुले." ती आत खिडकीपाशी पाटावर टेकली. मी दारात उभी राहिले, हातात करंज्यांची ताटली, उगाच.

ह्यांनी सिगार हातात घेतला आणि सवयीनं कानाशी नेऊन दाबला. बिडी अशीच पारखतात, कुरकुरली तर खरी. हा कुरकुरेना.

"ओला हाय हा. चुलीपाशी ठेवा लागन जरासा," हे म्हणाले.

जवाई घाबरलाच. "नाही नाही मामा! वाळवला का खतम. असाच मऊ पाहिजे. हे पान वर्षानुवर्ष मुरवतात."

"जुन्या तांदळासारखं मने."

"बस, तसंच!"

कापायचं हत्यार विमानतळावर काढून घेतलं म्हणे, म्हणून जवाईनं माझा अडकित्ता मागितला. सुपारीसारखं टोक कच्चकन कापलं. मग काडी लावून, सिगार हळूहळू फिरवत, सगळीकडून सारखा पेटवला. वास आला तो बिडीचा नव्हताच. गूळ उकळत असताना जवळ कोणी ओली माती उकरावी, तसा काहीतरी. वाईट नव्हता. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा बरा वाटला, आणि तो बरा वाटला म्हणून अजून राग आला.

"मामा, आता आयका. हा बिडीवानी नाही. धूर तोंडातच ठेवाचा, जिभेवर फिरवाचा, सोडून द्याचा. छातीत न्याचाच नाही. अना आराम से. बाजूला ठेवला तरी लवकर इझत नाही. इझवायचा पन नसतो, आपल्या आपन इझू द्याचा."

छातीत न्यायचाच नाही. त्या एका वाक्याला माझा जीव टांगून राहिला. पण बिडीवाला माणूस तो! बिडीला दोन श्वास विसरलं की ती विझते, म्हणून ओढत राहायची सवय. आणि ओढली की छातीतच जाणार, छातीला दुसरं येतच नाही.

मी ह्यांच्याशेजारी आयुष्य काढलंय. धूर कुठून येतो ते मी लांबून सांगते. तोंडातला धूर लगेच आणि दाट येतो. छातीतला उशिरा येतो, विरळ.

पहिला झुरका. दाट. बरं.

दुसरा. दाट. मी श्वास सोडला. दोन झाले, आता ठेवा. ठेवला नाही त्यांनी. राखेकडे बघत म्हणाले, "काय मस्त राख हाय गा! पडूनच नाही राहिली." तिसरा झुरका दाट आला. मी घसा खाकरला. माझ्याकडे बघितलंच नाही. चवथाही दाट, पण आता घाई वाढली होती, बिडीची घाई.

मग त्यांनी एक लांब झुरका घेतला, डोळे मिटले आणि मागे टेकले. धूर आला नाही. मी वाट बघितली. तरी आला नाही.

माझ्या हातची ताटली पडली, करंज्या अंगणभर. "छातीत छल्ला हाय तुमच्या!" मी ओरडले. "मराचं हाय का! थुका तो धूर!"

त्यांनी दचकून तोंड उघडलं. धूर बाहेर आला. दाट, पांढराशुभ्र, तोंडातला.

"चव घेऊन राहिलो होतो वो," ते म्हणाले.

जवाई उठून उभा. मी मागे वळले तर पोरगी दारात, एक हात चौकटीवर, एक पोटावर.

"कोनता छल्ला?"

 शेवटी मीच सांगितलं सगळं, उभ्या-उभ्या. कापणी, नागपूर, कोठीमागच्या गोळ्या. "तुह्या जिवाले धक्का नको म्हनून, माय."

ती रडेल वाटलं होतं. रडली नाही. माझ्यावर अशी नजर रोखली की मी पदर तोंडात धरला.

"बाबाच्या छातीत छल्ला हाय हे आयकून माह्या लेकराले धक्का लागन. अना बाबा गेले हे आयकून नसता लागला? तवा काय केलं असतं, आई? तेही बाळंतपन झाल्यावर सांगितलं असतं?"

"हो," मी म्हटलं. काय करू, खरं तेच होतं. तेही मी ठरवून ठेवलं होतं.

जवाईनं सिगार ह्यांच्या हातातून घेतला आणि पितळी ताटाच्या कडेवर ठेवला. पोरगी अंगणात आली. तो म्हणाला, धूर हाय. तिनं ऐकलं नाही. करंज्यांमधून पाय टाकत ती बापासमोरच्या खुर्चीवर बसली. मला वाटलं आता ह्यांचं काही खरं नाही. पण तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"मले वाटे तुमी माह्यावर नाराज हाय. इतल्या दूर गेली म्हनून. फोनवर दोन शब्द बोलत अना आईले देऊन टाकत. मी तिकडे रडो, बाबा."

तेव्हा ह्यांचा चेहरा बघवेना. मी एवढं सगळं लपवलं, पत्ते लपवले, रिपोर्ट लपवले, आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

ताटातला सिगार अजून जळत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पोरीचा हात दोन्ही हातांत घेतला.

"नाराज नवतो वो माय," ते म्हणाले. "बोलाले दम पुरत नवता."