मालूताईंचा उंदीर कोणाला ओळखत होता

इरा आणि निहार,

परवा फोनवर इरा म्हणाली, मेंदूतली एखादी पेशी फक्त आजीलाच ओळखते का, यावर कॉलेजात चर्चा चालू आहे. ते सगळं तुम्हाला पुस्तकांत मिळेल. मालूताई मात्र पुस्तकांत नाहीत आणि त्यांना पाहिलेली या इमारतीत आता मी एकटीच उरले आहे. म्हणून आजच लिहिते.

मालूताई आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. लग्नाला गेल्या की जेवणाआधी कोण कोणाला टाळून बसलंय, ते बघून घेत. न कळवता कोणी दार वाजवलं तर म्हणत, "माणूस कळपाने राहणारा प्राणी आहे, मान्य. पण कळपानेसुद्धा आधी फोन करावा."

मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यांची नोकरी. तिथे त्या पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत केसाहून बारीक तार बसवत. तारेजवळची पेशी चेतवली गेली की स्पीकरमधून टकटक ऐकू येई. एका उंदराची एक पेशी त्याचा सोबती समोर आणला की टकटकायची. परका उंदीर आणला की गप्प. सोबती माणसाळलेला, म्हणून त्याला मालूताई स्वतः हातात घेऊन येत. परके चावत, म्हणून त्यांना मदतनीस हातमोजे घालून आणी. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर सोबत्याला ओळखणारी पेशी सापडली, असा शोधनिबंध तयार झाला आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे आला.

"पेशी ऐकल्याशिवाय एकही स्वल्पविराम हलवू नकोस," असं म्हणून त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं.

मी पिंजऱ्यापाशी बसले. मालूताई सोबत्याला आणायला गेल्या आणि चष्मा राहिला म्हणून रिकाम्या हातांनीच परतल्या. टकटक सुरू झाली. त्या बाहेर गेल्या, थांबली. पुन्हा आत आल्या, टकटक. मग दाराबाहेरूनच त्यांनी सोबती माझ्या हातात दिला. "घे, तू ने."

आयुष्यात पहिल्यांदाच मी उंदीर धरला. स्पीकरने दखल घेतली नाही.

"अहो, म्हणजे सोबतीच ओळखला की त्याने," मी म्हटलं. "फक्त सोबती तुम्ही निघालात."

"एका पेशीच्या भरवशावर मी उंदराशी नातं जाहीर करू?"

त्यांचे साहेब म्हणाले, "बाई, निबंध आहे तसाच जाऊ द्या. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय. तेवढे लोक पुरेत."

निबंध गेला नाही. परदेशातली परिषद हुकली, बढती दुसऱ्याला मिळाली. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, पण निवृत्तीपर्यंत तशी पेशी पुन्हा सापडली नाही. शेवटच्या आजारात मी विचारलं, "हळहळ वाटते का हो?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "पण मी आले की कोणाच्या तरी डोक्यात फरक पडत होता, याची नोंद तरी झाली. बाकीच्यांची कुठे होते?"

दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्या प्रयोगशाळेत प्राणी हातात धरून नेत नाहीत. झाकणाच्या डब्यातून नेतात आणि नेणारा लगेच बाहेर जातो. हा नियम मालूताईंनी घालून दिला. तो अजून पाळतात.